अब्रू कोणाची?

मराठीत ‘अब्रू’ हा शब्द बाईच्या बाबतीत एका तऱ्हेने चालतो आणि पुरुषाच्या बाबतीत दुसऱ्या. बाईची अब्रू लुटली जाते, आणि एकदा गेली की गेली. पुरुषाच्या अब्रूचं नुकसान होतं आणि त्याची भरपाई मागता येते, त्यासाठी अब्रूनुकसानीचा दावा नावाची सोय आहे. म्हणजे बाईची अब्रू दुसऱ्याच्या गुन्ह्याने जाते. मोठ्या माणसाची मात्र स्वतःच्या कृत्याने सहसा जात नाही, त्याबद्दल कुणी तोंड उघडलं की जाते. हा हिशोब आपल्या भाषेत इतका मुरलेला आहे की तो चुकीचा आहे हे चटकन लक्षातही येत नाही. गेल्या पन्नास वर्षांत तो थोडाथोडा उलटायला लागला आहे. तो किती उलटला, आणि नेमका कुठे येऊन अडतो, याबद्दल मला लिहायचं आहे.

सुरुवात आपल्याच राज्यातून करते. २६ मार्च १९७२ ची रात्र, देसाईगंजचं पोलीस ठाणं. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. एक अनाथ आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. भावाने केलेल्या तक्रारीवरून तिला ठाण्यात आणलं होतं. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर थांबवलं गेलं आणि ती आत राहिली. दोन पोलिसांवर खटला चालला. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये त्यांना सोडलं आणि मुलीला शरीरसंबंधांची सवय होती, असं निकालात लिहिलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीने, असहायपणे गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे त्या न्यायमूर्तींना १९७६ साली दिसलं होतं. पण सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा दोघांना निर्दोष ठरवलं. अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केला नव्हता, हे त्यामागचं मुख्य कारण.

ज्याच्याकडे तक्रार करायची तोच पोलीस समोर असताना त्या पोरीने कुणाला हाक मारायची होती, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला पडला नाही. सप्टेंबर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून तो विचारला. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. त्या पत्रातून मोर्चे निघाले, १९८० मध्ये मुंबईत बायकांचा मंच उभा राहिला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीत, सरकारी रुग्णालयात, अधिकाराच्या जागेवरून केलेला बलात्कार हा वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असं बाईने सांगितलं, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात आली. सत्ता हातात असलेल्या माणसासमोर ‘हो’ आणि ‘नाही’ यांचा अर्थ बदलतो, ही गोष्ट आपल्या कायद्याने पहिल्यांदा ठळकपणे मान्य केली ती एका शेतमजूर मुलीमुळे. तिला स्वतःला मात्र न्याय मिळाला नाही.

देसाईगंजची मुलगी गरीब होती म्हणून असं झालं, असं वाटत असेल तर चंदीगडकडे पाहू. १८ जुलै १९८८. एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या घरी पार्टी होती. पंजाबचे पोलीस महासंचालक के.पी.एस. गिल यांनी रूपन देओल बजाज या आयएएस अधिकाऱ्याच्या पार्श्वभागावर सगळ्यांच्या देखत थापट मारली. बजाज शिकलेल्या, अधिकारपदावर असलेल्या, आणि समोर साक्षीदार होते. तरीही वरिष्ठांनी सल्ला दिला तो गप्प राहण्याचा. त्यांनी पोलिसात तक्रार दिली. पुढच्या जानेवारीत गिल यांना पद्मश्री जाहीर झाली. मे १९८९ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द केला. दंडविधानात एक कलम होतं, ९५ क्रमांकाचं. इजा इतकी क्षुल्लक असेल की साधारण समजूतदार माणूस तिची तक्रार करणार नाही, तर तो गुन्हा नाही, असं ते कलम. त्याचा आधार घेतला गेला.

क्षुल्लक. या एका शब्दापाशी मी नेहमी थांबते. आपल्या घरांत, कचेऱ्यांत, शाळांत हाच शब्द वेगवेगळी रूपं घेऊन येतो. ‘एवढं काय त्यात?’ ‘चेष्टेने केलं असेल.’ ‘घेतलेली होती, शुद्धीत नव्हते.’ सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुन्हा पुन्हा उभा केला आणि ही इजा क्षुल्लक नाही असं स्पष्ट सांगितलं. १९९६ मध्ये गिल दोषी ठरले आणि २००५ मध्ये शेवटचं शिक्कामोर्तब झालं. सतरा वर्षं लागली. तुरुंगवासाच्या जागी दंड आणि चांगल्या वर्तणुकीची हमी आली. भरपाईचे पैसे बजाज यांनी घेतले नाहीत. गिल १९९४ पासून भारतीय हॉकी महासंघाचे अध्यक्ष होते आणि दोषी ठरल्यावरही २००८ पर्यंत राहिले. त्यांनी पंजाबातला दहशतवाद मोडून काढला, म्हणून त्यांचं हे सोडून द्यावं, असं तेव्हा भलेभले लोक उघडपणे म्हणत होते. कर्तृत्वाची अशी वजावट आपण फक्त एका प्रकारच्या गुन्ह्यात देतो. मोठा शास्त्रज्ञ आहे म्हणून त्याची चोरी माफ करा, असं कुणी म्हणत नाही.

या खटल्याला पोलिसी मराठीत ‘विनयभंग’ म्हणतात. विनय बाईचा, आणि भंगतोही बाईचाच. ज्याने हात टाकला त्याचा विनय कुठे गेला, याची नोंद या शब्दात नाही. ‘लैंगिक छळ’ हे दोन शब्द दंडविधानात गुन्ह्याच्या नावाने यायला २०१३ साल उजाडावं लागलं. आता भारतीय न्याय संहितेत दोन्ही शेजारी शेजारी आहेत, कलम ७४ आणि ७५. जुना शब्द गेलेला नाही, पण त्याच्या शेजारी निदान असा एक शब्द बसला आहे ज्यात छळ करणारा दिसतो.

मधल्या काळात राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरी देवी होती. सरकारी योजनेतली साथीण, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती. तिने एका बालिकेचं लग्न थांबवायचा प्रयत्न केला म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. खालच्या न्यायालयाने आरोपींना सोडताना उच्च जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला शिवणार नाहीत, अशा आशयाचं तर्कट मांडलं. पण ती हे काम सरकारसाठी करत होती, मग तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी कामावर ठेवणाऱ्याची नाही का, हा प्रश्न काही संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. कामाच्या जागी होणारा लैंगिक छळ रोखण्याची जबाबदारी मालकावर टाकणारा १३ ऑगस्ट १९९७ चा विशाखा निकाल त्यातून आला आणि सोळा वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याचा कायदा झाला. आज पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारतींत जिच्या नावाने नियमावली वाचून दाखवली जाते ती अशा छळाची चौकशी करणारी अंतर्गत समिती एका कुंभार बाईची देणगी आहे. हे त्या नियमावलीत लिहिलेलं नसतं. ते असायला हवं.

आपल्याकडची जळगावची गोष्ट तर आपण बोलायचीच टाळतो. १९९४ मध्ये तिथलं प्रकरण बाहेर आलं. मुलींना जाळ्यात ओढायचं, छायाचित्रं काढायची आणि त्यांच्या जोरावर पुन्हा पुन्हा बोलवायचं. त्यात स्थानिक राजकारणातली वजनदार माणसं आरोपी होती. पण आरोपींपेक्षा जास्त चर्चा झाली ती जळगावच्या मुलींची. तिथली स्थळं नकोत, असं त्या काळी घराघरांत बोललं जाई. गुन्हा काही पुरुषांचा आणि अब्रू गेली सगळ्या शहरातल्या मुलींची. अशा हवेत साक्षीला कोण उभं राहणार? खटले ढासळले, बहुतेक जण सुटले. पुरावा कमी पडला असं आपण म्हणतो. तो कमी पडावा अशी व्यवस्था लग्नाच्या बैठकांत झाली होती, न्यायालयाच्या बाहेर.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असं आपल्याकडे आई मुलीला समजावते. तिचा हेतू वाईट नसतो. ती मुलीला वाचवू पाहत असते. पण त्या मुठीतले सव्वा लाख मुलीच्या पदरात कधी पडले? मूठ झाकलेली राहिली की फायदा होतो तो ज्याने हात टाकला त्याचा.

या पार्श्वभूमीवर २०१८ चा ऑक्टोबर किती वेगळा होता ते आठवावं. अमेरिकेत आदल्या वर्षी हॉलिवुडच्या एका बड्या निर्मात्याविरुद्ध बायका बोलू लागल्या होत्या. आपल्याकडे सिनेमा, वृत्तपत्रं, जाहिरात, नाटक अशा क्षेत्रांतून एकामागून एक नावं आली. त्यातलं प्रिया रमाणी यांचं प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे दोन अब्रू समोरासमोर आल्या. रमाणी यांनी सांगितलेला प्रसंग १९९३ सालचा, मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलातला. नोकरीची मुलाखत हॉटेलच्या खोलीत. समोर एम.जे. अकबर, नामवंत संपादक. २०१८ मध्ये ते केंद्रात मंत्री होते. रमाणी यांनी नाव घेतल्यावर आणखी अनेक पत्रकार स्त्रिया पुढे आल्या. अकबर यांनी सगळे आरोप नाकारले, १७ ऑक्टोबरला राजीनामा दिला आणि त्याच सुमारास रमाणी यांच्यावर फौजदारी बदनामीचा खटला भरला. त्यांच्या वकीलपत्रावर ९७ वकिलांची नावं होती. प्रत्यक्ष उभे राहणारे मोजकेच असले तरी तो कागद पाहून काय वाटावं हे उघड होतं.

हा खटला छळाचा नव्हता, हे लक्षात ठेवलं पाहिजे. आरोपीच्या पिंजऱ्यात बाई होती. १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी तिला निर्दोष सोडलं आणि लिहिलं की बाईला तिचं गाऱ्हाणं तिला हव्या त्या व्यासपीठावर मांडता येतं, कित्येक दशकांनंतरही. प्रतिष्ठेचा हक्क हा जगण्याच्या आणि सन्मानाच्या हक्काच्या मोबदल्यात राखता येणार नाही, हेही त्यात आहे. अकबर यांनी वर अपील केलं आहे. पुढे जे होईल ते होईल. पण एका खालच्या न्यायालयाने, उच्च नव्हे, सर्वोच्च नव्हे, दोन्ही अब्रू तराजूत टाकून बाईच्या बाजूचं पारडं जड आहे असं म्हटलं, ही गोष्ट १९७८ च्या निकालाशेजारी ठेवून पाहिली की मधलं अंतर कळतं.

‘इतकी वर्षं गप्प का होती?’ हा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. त्याचं उत्तर मला पुस्तकांपेक्षा एका खोलीत जास्त नीट कळलं. एका संस्थेच्या अंतर्गत समितीवर मी काही वर्षं बाह्य सदस्य होते. ज्या संस्थेत दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे ही समिती लागते. अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरचा. समितीचं कामकाज गोपनीय असतं, म्हणून ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत.

तक्रार भांडार विभागातल्या एका लिपिक बाईची होती, विभागप्रमुखाविरुद्ध. फुलस्केपचे चार कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. पहिला प्रसंग आठ महिन्यांपूर्वीचा. कायदा तीन महिन्यांची मुदत देतो, कारण पटलं तर आणखी तीन महिने. आमच्यातल्याच एकीने पहिला मुद्दा हा काढला. पण प्रसंगांची मालिका असेल तर मुदत शेवटच्या प्रसंगापासून मोजायची असते, आणि रात्री अकरानंतर आलेला शेवटचा मेसेज पाच आठवड्यांपूर्वीचा होता. तक्रार टिकली. ते कलम आमच्यापैकी कुणी वाचलेलं नसतं तर तिला तिथूनच परत पाठवलं असतं आणि सगळ्यांना वाटलं असतं की नियमाप्रमाणे झालं.

मग साक्षी. शिपाई म्हणाला, ‘मॅडम, माझं नाव कुठंच नको. पोरीचं लग्न काढलंय, साहेबांकडं ॲडव्हान्सचा अर्ज पडलाय.’ सहा जणांनी सांगितलं, ‘सर तसे नाहीत.’ ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्याशी सर तसे वागलेच नव्हते. कुणाच्या भावाला त्यांनी कामाला लावलं होतं, कुणाच्या आईच्या ऑपरेशनला सोसायटीचं कर्ज एका दिवसात मंजूर करून दिलं होतं. एक जण तर बोलताना रडला, इतके त्याच्यावर उपकार होते. तोपर्यंत मी सत्ता म्हणजे दहशत असं समजत होते. त्या खोलीत मला दिसलं की भल्या माणसांना गप्प करायला भीतीपेक्षा उपकार जास्त उपयोगी पडतात. भीतीने गप्प बसलेला माणूस मनातून तरी बाईच्या बाजूने असतो. उपकाराने बांधलेला माणूस तिच्या विरुद्ध साक्ष देतो आणि आपण सत्य बोललो या समाधानात घरी जातो.

असं माणूस दर माणूस बांधलेलं असतं तिथे एकटी बाई आठ महिने गप्प राहिली, याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. ती बोलली कशी, हे विचारायला हवं. मी विचारलं. नव्याने लागलेली एक मुलगी त्यांच्या केबिनमधून बाहेर आल्यावर बेसिनपाशी बराच वेळ हात धूत होती, ते तिने पाहिलं होतं.

या लिखाणावर येणारा आक्षेप मला माहीत आहे. निर्दोष माणूस अडकला तर? नुसत्या आरोपाने आयुष्य उद्ध्वस्त होतं त्याचं काय? हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. चौकशीआधीच निकाल देणाऱ्या पडद्यांचा मलाही संताप येतो. पण निर्दोष माणसाला वाचवणारी गोष्ट कोणती? तक्रारच होऊ न देणं ही, की नीट चौकशी करणं ही? गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये बडतर्फी रद्द केली, कारण समितीने घाई केली, त्याला बाजू मांडायला पुरेसा वाव दिला नाही. प्रकरण नव्याने चौकशीसाठी परत पाठवलं. त्याच निकालात कायद्याच्या अंमलबजावणीतल्या गंभीर त्रुटींवर न्यायालयाने बोट ठेवलं आणि देशातल्या ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ महासंघांत ही समितीच नाही, या बातमीची नोंद घेतली. दोन्ही गोष्टी एकाच निकालात आहेत. धड समिती नसेल तर बाईलाही न्याय नाही आणि आरोपीलाही नाही.

आणि चौकशीची पद्धत मोठ्यांनीच मोडली तर? एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या एका माजी कर्मचारी स्त्रीने सरन्यायाधीश रंजन गोगोई यांच्याविरुद्ध तक्रार केली. गोगोई यांनी आरोप नाकारले, आणि २० एप्रिलला, शनिवारी, त्या विषयावर बसलेल्या खास खंडपीठावर ते स्वतः बसले. पुढे न्यायमूर्तींचीच एक चौकशी समिती नेमली गेली. तिचे प्रमुख आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे. तक्रारदार स्त्रीला वकील सोबत घेऊ दिला नाही, ती चौकशीतून बाहेर पडली. ६ मे रोजी आरोपांत तथ्य नाही असं जाहीर झालं आणि अहवाल प्रसिद्ध केला गेला नाही. ती स्त्री पुढच्या जानेवारीत पुन्हा नोकरीवर घेतली गेली. गोगोई राज्यसभेवर गेले. त्या खंडपीठावर बसायला नको होतं, हे त्यांनी नंतर स्वतःच म्हटलं. आरोप खरा की खोटा हे मी ठरवू शकत नाही, तुम्हीही नाही. ते ठरवता येईल अशी चौकशी झाली नाही, हेच माझं दुःख आहे. ती खुली आणि भक्कम झाली असती तर गोगोई निर्दोष असल्यास त्यांचाही त्यात फायदाच होता.

लोकांची नजर बदलली आहे, हे मी मानते. पण ती कुणाच्या बाबतीत बदलते हे पाहिलं की मन खट्टू होतं. जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले. आरोप कुस्ती महासंघाचे अध्यक्ष आणि खासदार ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर. पदकं जिंकल्यावर ज्यांच्यासोबत फोटो काढायला देश धावला त्या मुलींची तक्रार नोंदवून घ्यायला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. २८ मे रोजी त्यांना रस्त्यावरून फरफटत नेलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं. सिंह यांनी आरोप नाकारले आहेत. अल्पवयीन मुलीच्या तक्रारीचं प्रकरण तिने माघार घेतल्यावर २०२५ मध्ये बंद झालं, बाकी स्त्रियांच्या प्रकरणात न्यायालयाने मे २०२४ मध्ये आरोप निश्चित केले. त्याच उन्हाळ्यात कैसरगंजचं तिकीट त्यांच्या मुलाला मिळालं आणि तो निवडूनही आला.

आपल्याकडे तालमीच्या मातीला कपाळाला लावतात. कोल्हापुरात, सांगलीत पोरीही आता त्या मातीत उतरतात. त्या दिवसांत ओळखीच्या लोकांशी बोलताना मी पाहिलं की कोण हळहळतंय आणि कोण ‘यामागे राजकारण आहे’ म्हणतंय हे त्यांच्या मतदानावरून आधीच सांगता येत होतं. पुढे एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटकात खासदार प्रज्वल रेवण्णाचं लैंगिक अत्याचारांच्या व्हिडिओंचं प्रकरण फुटलं तेव्हाही मतांची वाटणी तशीच झाली. समोरच्या पक्षाचा माणूस असेल तर आपल्याला बाईचं सगळं पहिल्या शब्दापासून पटतं. आपला माणूस निघाला की आपल्याला तारखा, कागद, हेतू, सगळं तपासावंसं वाटतं. पक्षाच्या जागी जात ठेवा, संस्था ठेवा, आवडता नट किंवा गुरू ठेवा, तेच होतं. पुरोगामी म्हणवणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. २०१३ मध्ये गोव्यात ‘तहलका’चे संपादक तरुण तेजपाल यांच्यावर सहकारी पत्रकार मुलीने आरोप केला तेव्हा त्यांनी सहा महिने संपादकपद सोडण्याचं प्रायश्चित्त स्वतःच स्वतःला देऊन टाकलं होतं, आणि आमच्यातल्या काहींना ते मोठेपणाचं वाटलं होतं. खटल्यात त्यांनी आरोप नाकारले. २०२१ मध्ये म्हापशाच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, राज्य सरकारने अपील केलं. त्या निकालात मुलगी नंतर कशी हसली, कशी वावरली, याची लांबलचक छाननी आहे. देसाईगंजच्या मुलीच्या अंगावरच्या नसलेल्या जखमा मला त्या वेळी आठवल्या.

आणि ऑक्टोबर २०२५ मधलं फलटण. सरकारी उपजिल्हा रुग्णालयातली एका तरुण डॉक्टर मुलीने तळहातावर दोन नावं लिहून जीव दिला. त्यातलं एक पोलीस उपनिरीक्षकाचं. खटला व्हायचा तो होईल, आरोपींनाही त्यांची बाजू आहे. पण काही दिवसांतच तिचे फोन, तिचे चॅट, ती कुणाशी किती वेळ बोलत होती याची जाहीर चर्चा सुरू झाली. मेलेल्या बाईची अब्रूसुद्धा आपण तपासायला घेतो.

तरीही मी निराश नाही, आणि त्याचं कारण रेवण्णाच्या खटल्यात आहे. माजी पंतप्रधानांचा नातू, तेव्हाचा खासदार. त्याचे व्हिडिओ ज्या पेनड्राइव्हमधून गावोगाव फिरले त्यांत बायकांचे चेहरे उघडे होते. त्यांची त्यात विटंबना झाली, आणि ती त्याच्या विरोधकांनी केली की आणखी कुणी, त्यांना काहीही फरक पडत नाही. त्यातल्या बहुतेक जणी गप्प राहिल्या तर नवल नव्हतं. पण त्याच्या कुटुंबाकडे घरकाम केलेली एक बाई साक्षीला उभी राहिली आणि उलटतपासणीत टिकली. साडीवरच्या न्यायवैद्यक पुराव्याने तिला दुजोरा मिळाला. २ ऑगस्ट २०२५ ला जन्मठेप झाली. त्याने वर दाद मागितली आहे. जन्मठेपेचा आकडा बाजूला ठेवून मी त्या बाईकडे पाहते. देसाईगंजच्या मुलीसारखीच ती कष्टकरी. या वेळी न्यायालयाने तिच्या जखमा मोजल्या नाहीत, तिचं म्हणणं मोजलं.

घरकामगार, ऊसतोडणी करणाऱ्या, दुकानात तीन-चार जणींत काम करणाऱ्या बायकांसाठी कायद्यात जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती आहे. तुमच्या घरी येणाऱ्या मावशींना ती माहीत आहे का, विचारून पाहा. मी विचारलं, त्यांना माहीत नव्हतं. मोठा माणूस म्हणजे दरवेळी मंत्रीच असायला हवा असं नाही. उचल दिलेला मुकादम तिच्यापुरता पुरेसा मोठा असतो.

आमच्या समितीने त्या विभागप्रमुखाविरुद्धची तक्रार सिद्ध धरली. शिफारस बडतर्फीची नव्हती, होऊ शकेल असं आम्हाला वाटलंही नाही. व्यवस्थापनाने लेखी ताकीद दिली, एक वेतनवाढ रोखली. बदली मात्र तिची झाली, तिने स्वतःच मागितली म्हणून. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. सभागृहात निरोप समारंभ, शाल, श्रीफळ, मानपत्र. मला निमंत्रण नव्हतं, पण त्या दिवशी दुसऱ्या कामाने मी तिथे गेले होते. वरून माइकवरची भाषणं ऐकू येत होती. खाली बायकांच्या खोलीत त्या विभागातल्या अकराही जणी डबे उघडून बसल्या होत्या. कुणी ठरवलं नव्हतं, पत्रक काढलं नव्हतं, घोषणा नव्हती. जेवायची वेळ झाली म्हणून त्या जेवत होत्या. बदली झालेली ती दुसऱ्या शाखेतून अर्धी रजा टाकून आली होती. मला पाहून तिने सरकून जागा केली आणि झाकणात मेथीची भाजी वाढून माझ्यापुढे ठेवली.